गर्भाशयमुख कर्करोग व लैंगिक संक्रमण : पुण्यातील संशोधन

गर्भाशयाच्या मानेसारख्या खालच्या भागास गर्भाशय ग्रीवा किंवा गर्भाशयमुख म्हणतात. या भागाच्या उपकलेत (अस्तरत्वचेत) उद्‌भवणारा कर्करोग भारतीय स्त्रियांतील प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे. त्याचा समागमाशी संबंध असावा, हे अनुमान जुने आहे. इटलीतील व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी तपासून दोमेनीको रिगोनी-स्टर्न यांनी १८४२ मध्ये असे दाखविले, की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक व जोगिणींत विरळ असतो. पुढे निरनिराळ्या गुप्तरोगांवर संशय घेतला गेला. हाराल्ड त्सुर हाउसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार या अर्बुदांत ओळखला, तेव्हा खरे कारण उघड झाले. या शोधाबद्दल त्सुर हाउसेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विषाणूचे संक्रमण बहुधा एकदोन वर्षांत आपोआप नाहीसे होते. ते टिकून राहिल्यास मात्र अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो.

पुणे शहरात कर्करोग नोंदणीस १९७३ मध्ये प्रारंभ झाला. नंतरच्या दशकांत तेथे गर्भाशयमुख कर्करोगाचे प्रमाण घटत गेले व स्तनाच्या कर्करोगाने त्यास मागे टाकले. वाढलेले विवाहवय आणि कमी झालेली बाळंतपणे ही या घटीची कारणे मानली जातात. लशीचा तीत वाटा नव्हता.

लैंगिक संक्रमणातून येणारा रोग म्हणजे स्त्रीच्या वर्तनाचे फळ, हा समज मात्र टिकून राहिला. त्याला छेद देणारा महत्त्वाचा पुरावा पुण्यातच, एड्सच्या अभ्यासातून, मिळाला. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये भोसरी येथे स्थापन झाली. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३–९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ३९१ स्त्रिया वेश्याव्यवसायातील नव्हत्या. त्यांतील बहुतेक विवाहित व एकनिष्ठ होत्या. तरीही या ३९१ जणींत एचआयव्ही संसर्गाचे प्रमाण १३·६ टक्के आढळले. संसर्ग पतीकडून आला होता, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवरून स्पष्ट होते. पॅपिलोमा विषाणूचाही मार्ग हाच. शिवाय एचआयव्हीने प्रतिकारशक्ती क्षीण झाली, की हा विषाणू शरीरात टिकून राहतो. अशा स्त्रियांत गर्भाशयमुख कर्करोगाचा धोका सु. सहा पटींनी वाढतो. पतीकडून आलेल्या एका संसर्गाने दुसऱ्यास बळ मिळावे व दोहोंचा बोल स्त्रीला लागावा, अशी ही स्थिती होती.

केवळ एकदा केलेल्या विषाणू-चाचणीनेही या रोगाचे मृत्यू सु. निम्म्याने घटतात, हे उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या पाहणीतून २००९ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने भारतात लशीच्या दोन व तीन मात्रांची तुलना करणारी चाचणी सुरू केली. तीत पुण्याच्या जहांगीर क्लिनिकल डेव्हलपमेंट सेंटरचा समावेश होता. आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पातील काही मुलींच्या मृत्यूंमुळे वादंग माजले. मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. संमती घेण्याच्या पद्धतीतील दोष मात्र गंभीर होते. शासनाने एप्रिल २०१० मध्ये लसीकरणाच्या सर्वच चाचण्या थांबविल्या. परिणामी सु. ५,००० मुलींना एकच मात्रा मिळाली. चाचणी मोडली असे वाटत असतानाच या मुलींच्या दीर्घ निरीक्षणातून, २०२१ मध्ये, एक मात्राही १६ व १८ या प्रकारांच्या चिवट संक्रमणापासून जवळजवळ तितकेच संरक्षण देते, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यांत या निरीक्षणाचाही समावेश होता.

पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लशीस २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांविरुद्धची ही लस ९ ते २६ वर्षे वयाच्या मुलींप्रमाणेच मुलांनाही देता येते.