नकाशात उरलेले टिहरी

हिमालयाच्या कुशीत, सध्याच्या उत्तराखंड राज्यात, भागीरथी आणि भिलंगना या नद्यांच्या संगमावर टिहरी नावाचे नगर नांदत होते. गोरखा युद्धानंतर १८१५ साली गढवालचे राजे सुदर्शन शाह यांनी येथे आपली राजधानी वसविली. राजवाडा, बाजारपेठ, मंदिरे आणि १८९७ साली उभारलेले घंटाघर ही या नगराची भूषणे होती. येथीलच कारागृहात श्रीदेव सुमन यांनी ८४ दिवसांच्या उपोषणानंतर २५ जुलै १९४४ रोजी देह ठेवला.

हे नगर आज पाहावयाचे असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा उलगडावा लागतो. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाने देशाची इंच इंच भूमी मोजली. त्याच्या नकाशात पाणी निळे, शेती पिवळी, वस्ती तांबडी, तर समान उंचीची स्थळे जोडणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी असतात. रेषा दाटल्या की कडा समजावा, विरळ झाल्या की सपाटी. टिहरीच्या खोऱ्यात अशी सपाटी थोडी. तीच माणसांनी घरांसाठी व शेतीसाठी निवडली.

पुढे याच रेषांनी नगराचे भवितव्य ठरविले. २६०.५ मीटर उंचीच्या टिहरी धरणाची पूर्ण जलपातळी ८३० मीटर निश्चित झाली. त्या उंचीखालील सारे पाण्याचे, वरील सारे माणसांचे, अशी वाटणी झाली. कित्येक गावांची शेते रेषेखाली गेली, घरे वर राहिली. मात्र डोंगराची माती रेषा जाणत नाही. जलाशय भरल्यावर रेषेवरच्याही काही गावांत जमीन खचली, घरांना भेगा पडल्या.

ऑक्टोबर २००५ मध्ये अखेरचा बोगदा बंद झाला आणि टिहरी जलमय झाले. रहिवासी डोंगरावरील नव्या टिहरीत, तसेच डेहराडून व हरिद्वार परिसरात विखुरले. २०२१ मध्ये जलाशय प्रथमच ८३० मीटरपर्यंत भरण्यास अनुमती मिळाली. पाणी ओसरले की जुन्या राजवाड्याचे अवशेष कधीकधी वर डोकावतात.

ज्या नकाशाच्या आधारे नगर बुडाले, तोच आता त्याचा विश्वासू साक्षीदार आहे. तेथील वृद्ध त्यावर बोट ठेवून नातवंडांना आपले नगर दाखवू शकतात. गावे नाहीशी होतात, पिढ्या पांगतात. जपलेला कागद मात्र मूळ ठिकाण सांगत राहतो. म्हणून जुने नकाशे, दस्तऐवज व वह्या रद्दीत जाऊ न देणे, हे प्रत्येक पिढीचे पुढील पिढीप्रति कर्तव्यच होय.