मस्टरवर नसलेले खेळाडू

परळच्या बाजूला मी एकतीस वर्षं कामगार नुकसानभरपाईचे दावे चालवले. १९२३चा कायदा तोंडपाठ होता, तरी दावा अडायचा तो एकाच प्रश्नावर: हा माणूस तुमचा कामगार होता का? साचेखात्यात दोन बोटं गमावलेल्या एका बदलीवाल्याच्या वेळी समोरचा वकील शांतपणे म्हणाला, “याचं नाव मस्टरवर नाही.” तो दावा मी हरलो. त्यामुळे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलपटूंच्या भरपाई-दाव्यांचे जुने निकाल वाचताना मला काहीच परकं वाटलं नाही.

त्यातले कोलोरॅडो राज्यातले दोन मी पुन्हा पुन्हा वाचले. पहिला १९५३चा. अर्नेस्ट नेमेथ डेन्व्हर विद्यापीठाच्या संघात होता. टेनिसची मैदानं राखायचे त्याला महिन्याला ५० डॉलर मिळत. भट्टी सांभाळायची, पदपथ साफ करायचे, त्याच्या बदल्यात राहायला खोली. सरावात त्याची पाठ दुखावली. विद्यापीठाचं म्हणणं, इजा खेळताना झाली, काम करताना नव्हे. न्यायालयानं पाहिलं ते एवढंच, की फुटबॉल सुटला असता तर ही कामं त्याच्याकडे राहिली असती का? राहिली नसती. म्हणजे खेळ हा नोकरीचाच भाग ठरला आणि नेमेथ दावा जिंकला.

दुसरा १९५७चा. रे डेनिसन १९५५ साली फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजकडून खेळताना डोक्याला मार लागून गेला. आधी तो पेट्रोल पंपावर होता. प्रशिक्षकानं संघात बोलावलं, कॉलेजच्या शेतावर काम मिळालं. त्याच्या विधवेनं भरपाई मागितली. राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खेळलंच पाहिजे असा करार नव्हता आणि कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. त्या बाईच्या पदरी काही पडलं नाही. हा निकाल चुकला, असं मी वकील म्हणून म्हणतो. शेतावरचं काम आलं कुठून, हे विचारलं असतं तरी पुरलं असतं. आणि धंदा नाही म्हणावं, तर १८५२ साली विनिपेसॉकी तलावावर हार्वर्ड आणि येलची नौकाशर्यत झाली, तिचाही खर्च प्रवासी मिळावेत म्हणून एका रेल्वे कंपनीनं केला होता!

कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए. १९५१ ते १९८७ तिचा कारभार पाहणाऱ्या वॉल्टर बायर्स यांनीच पुढे, १९९५च्या आपल्या पुस्तकात कबूल केलं, की खेळाडू कामगार ठरतील या धास्तीतून ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द घडवला गेला. या शब्दाइतकी पक्की भिंत मी कुठल्या गिरणीलाही पाहिली नाही. १९७४ साली बर्मिंगहॅमच्या सामन्यात मान मोडून पंगू झालेला कॉलेज फुटबॉलपटू केंट वॉलड्रेप टेक्सासच्या कामगार भरपाई आयोगापुढे १९९३ला जिंकला, पण ज्यूरीपुढे हरला आणि २००० साली अपिलातही हरला.

पैशाची दारं आता उघडली. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाची नि चेहऱ्याची कमाई करता येते. ६ जून २०२५ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनं कॉलेजांना पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा दिली. खेळाडू हा कॉलेजचा कर्मचारी आहे की नाही, हे मात्र त्या तडजोडीतही ठरवलेलं नाही.