दगडांतील लव्हाळीं

ईजिप्तचें नांव काढलें कीं गिझाचे पिरॅमिड डोळ्यांपुढें उभे राहतात आणि तेथील वास्तुकला जणूं दगडांतच जन्मली असा आपला ग्रह होतो. वस्तुस्थिति निराळी आहे. नाईलकांठचीं आद्य देवालयें लांकडाचीं, लव्हाळ्यांचीं नि चटयांचीं होतीं. हायराकोन्पोलिस येथें ख्रिस्तपूर्व ३५०० च्या सुमाराचें एक पूजास्थान उजेडांत आलें. त्याच्या भव्यतेची साक्ष द्यावयास प्रचंड खांबांचे खड्डे काय ते उरले आहेत. राजांचीं थडगीं कच्च्या विटांचीं, बसक्या ओट्यासारखीं असत. ‘मस्तबा’ या अरबी नांवाचा अर्थही ओटा असाच आहे.

ख्रिस्तपूर्व २६५० च्या सुमारास, झोसेर राजासाठीं, सक्काऱ्याच्या पठारावर सारेंच पालटलें. आरंभीं तेथेंही मस्तबाच होता, पण दगडाचा. तो वाढवीत वाढवीत आधीं चार नि शेवटीं सहा टप्प्यांचा, सुमारें २०० फूट उंचीचा पिरॅमिड झाला. प्रवासी तेवढा पाहून परततात. मला विचाराल तर खरी नवलाई पायथ्याशीं आहे. राजसत्तेच्या नूतनीकरणाचा उत्सव जेथें व्हावयाचा, त्या चौकांत देवघरांच्या रांगा आहेत. दर्शनी भाग म्हणजे लांकडी व लव्हाळ्यांच्या मंडपांची हुबेहूब नक्कल; आंत मात्र बहुतेक ठिकाणीं दगडगोट्यांचा भराव! दारेंही दगडाचीं, उघडीं कोरलेलीं; मिटूं म्हटलें तरी मिटत नाहींत. सुमारें एक मैल घेराच्या तटाला १४ खोटे दरवाजे नि खरा एकच.

यास कोणी कल्पनेचें दारिद्र्य म्हणेल. खांब भिंतींना जोडलेले, दगड विटांसारखे लहान. कारागिरांचा हात अजून चांचरत होता हें खरें. तथापि भुयारांतील भिंतींवर निळ्या फरशा बसवून चटईचा भास उत्पन्न करणाऱ्यांना नवें सुचत नव्हतें, असें मला वाटत नाहीं. जिवंत राजाचा उत्सव आटोपला कीं मांडव मोडला तरी चालतो. मृत राजानें तो अनंतकाळ करावयाचा, तेव्हां मांडवही न कुजणारा हवा.

ही योजना इम्होतेपची मानतात. झोसेरच्या एका मूर्तीच्या बैठकीवर त्याचें नांव कोरलेलें आहे. विखुरलेले दगड जुळवून हीं देवघरें पुन्हां उभीं करण्यांत फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञ लोएर यांनीं १९२६ पासून जवळजवळ सारें आयुष्य वेंचलें.

पिरॅमिडच्या उत्तरेस एक बंद कोठडी आहे. तिच्या भिंतीस डोळ्यांच्या उंचीवर दोन भोंकें आहेत. आंत बसलेला दगडी झोसेर त्यांतून बाहेर पाहतो. मूळ मूर्ति कैरोच्या संग्रहालयांत नेली. तिच्या जागीं आतां प्रतिकृति बसविली आहे.