शाळा सुटल्यावरचं नाटक सक्तीचं असेल तर काय करावं? शाळा, पालक आणि मुलांसाठी माहिती

पुणे : नारायण पेठेतल्या मुलाला संध्याकाळी नाटकासाठी थांबायला सांगितलं, तर फारसं अडत नाही. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर, नदी ओलांडली की बालगंधर्व रंगमंदिर. प्रयोग नऊला संपला तरी मूल थोड्या वेळात घरी पोचतं. भोर, आंबेगाव किंवा राजगड (वेल्हे) तालुक्यातल्या वाडीवरून हायस्कूलला येणाऱ्या मुलीचं तसं नाही. संध्याकाळची एसटी चुकली की घरी जायचं कसं, इथूनच प्रश्न सुरू होतो. त्यात स्नेहसंमेलनं येतात डिसेंबर-जानेवारीत. तेव्हाच कांद्याची लागण, गव्हाचं पाणी, ऊसतोड. घरी गोठ्याचं काम मुलांवरच असतं.

"प्रयोगाला गैरहजर राहिला तर गुण कापणार" हा नियम अशा ठिकाणी लावला, तर मार अभिनयात कच्च्या मुलाला बसत नाही, लांब राहणाऱ्या मुलाला बसतो. म्हणून नियम करण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.

नाटक अभ्यासात कुठे येतं?

राज्याच्या अभ्यासक्रमात पहिली ते आठवीच्या कलाशिक्षणात चित्र, शिल्प, गायन, वादन, नृत्य यांच्यासोबत नाट्यही आहे. म्हणजे नाटक हा नुसता संमेलनाचा कार्यक्रम नाही, त्याचं मूल्यमापन होतं. नववी-दहावीत भाषा विषयाला 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. दहावीला शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला आणि नाट्य यांतल्या प्रावीण्यासाठी वाढीव गुणांची सवलत आहे. तिचे प्रस्ताव शाळेमार्फत जातात. गावच्या संमेलनात काम केलं म्हणून ते आपोआप मिळत नाहीत. अटी आणि मुदत मुख्याध्यापकांकडून आधीच समजून घ्यावी.

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कूलांत नाटक हा स्वतंत्र विषय असतो आणि संध्याकाळचा प्रयोग गुणांत धरला जातो. पण तिथे बहुतेक शिक्षक प्रयोगाच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना लेखी कळवतात. सक्ती करायची तर आधी सांगायचं, एवढं तिकडून घेण्यासारखं आहे.

शाळेने आधी ठरवायच्या गोष्टी

1. तारीख आणि वेळ जून-जुलैच्या पालक सभेत सांगावी. तालमी किती, कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, हेही कागदावर द्यावं.

2. एसटीचं वेळापत्रक समोर ठेवून वेळ ठरवावी. बारावीपर्यंतच्या मुलींना घर ते शाळा मोफत एसटी प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो, पण गाडीच नसेल तर पासचा उपयोग नाही. उशीर होणारच असेल, तर कोण कुणाला सोडणार याची नावानिशी यादी करावी.

3. तालीम शक्यतो शाळेच्या वेळेतच घ्यावी. कला आणि कार्यानुभवाच्या तासिका जोडून घेतल्या तर बरंच काम होतं.

4. काम फक्त स्टेजवरचंच धरू नये. संहिता लिहून काढणं, पडदा, वेशभूषा, सामान, प्रॉम्प्टिंग हेही नाटकच आहे. संध्याकाळी थांबता न येणाऱ्याला दिवसा होणारं काम द्यावं आणि त्याचे गुण तेवढेच ठेवावेत.

5. गैरहजर राहिलेल्यासाठी पर्याय आधीच ठरलेला असावा. वर्गासमोर तोच प्रवेश करून दाखवणं किंवा एकपात्री सादर करणं, हा सगळ्यांत सोपा पर्याय.

6. मुलींच्या तालमीला शिक्षिका हजर असावी. शाळेत सखी सावित्री समिती असते, तिला वेळापत्रक माहीत असावं.

एका तासिकेत बसणारं नाटक

पर्याय म्हणून नाट्यछटा चांगली. एकच पात्र बोलतं, समोरचा माणूस आपण मनात धरायचा. नेपथ्य लागत नाही, काही मिनिटांत संपते. हा प्रकार मराठीत रुजवला दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे (1889-1931) यांनी. ते स्वतः शिक्षक होते, नारायण पेठेच्या शेजारीच बाजीराव रस्त्यावर असलेल्या नूतन मराठी विद्यालयात. त्यांच्या 51 नाट्यछटा आहेत. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर रोज तीन-चार जणांनी करायची, पंधरवड्यात सगळ्यांची होते. कुणालाच उशिरापर्यंत थांबावं लागत नाही.

दुसऱ्याचं नाटक करायचं तर परवानगी लागते का?

लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत हक्क राहतो. त्यामुळे राम गणेश गडकरी (निधन 1919) किंवा दिवाकर यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. आचार्य अत्रे यांचं निधन 1969 चं, त्यामुळे त्यांच्या नाटकांवर 2029 अखेरपर्यंत हक्क आहे.

हक्क असलेलं नाटकही शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी केलं आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेशी संबंधित लोक एवढेच असले, तर कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तेच नाटक यात्रेत सगळ्या गावासमोर किंवा तिकीट लावून करायचं असेल, तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्यावी. स्पर्धेत उतरवायचं असेल तर आयोजकांची अटही पाहावी.

उघड्यावर प्रयोग असेल तर लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी काढावी. रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकरला मनाई आहे. गणेशोत्सवासारख्या काही ठरावीक दिवशी सूट मिळते, ती संमेलनाला लागू होईल असं धरून चालू नये.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*मुलगी थांबू शकत नाही. शाळेला काय सांगायचं?*
तोंडी नको, चिठ्ठी द्या. कारण, परतीच्या गाडीची वेळ आणि "दिवसा कोणतंही काम चालेल" असं स्पष्ट लिहा. प्रयोगाच्या आदल्या दिवशी नाही, तालमी सुरू होतानाच द्या. म्हणजे शिक्षकांनाही भूमिका बदलता येते.

*वर्गात सगळ्यांसमोर बोललं गेलं तर?*
सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. आधी मुख्याध्यापकांशी बोला. अनुदानित आणि सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान 75 टक्के पालक असावे लागतात. विषय तिथे मांडता येतो.

*कपड्यांसाठी पैसे मागितले तर?*
खर्च पालक सभेत आधी ठरवून घ्या. धोतर, फेटा, नऊवारी, घोंगडी गावात घरोघरी असते. भाड्याच्या ड्रेसची सक्ती नको.

*पोराला स्टेजची भीती वाटते. नाटकातून काढून घ्यावं का?*
लगेच नको. आधी दोन वाक्यांचं काम किंवा पडद्यामागचं काम मागून घ्या. पुढच्या वर्षी ते स्वतःहून पुढे येण्याची शक्यता जास्त.

यंदाच्या पालक सभेला जाताना तीनच प्रश्न लिहून न्यावेत : प्रयोग किती वाजता संपणार, मुलं घरी कशी पोचणार आणि जो येऊ शकणार नाही त्याच्या गुणांचं काय. याची उत्तरं सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.