मृतांचे पुनरुत्थान (ख्रिस्ती श्रद्धा, नाशिक परिसर)

मृतांचे पुनरुत्थान : काळाच्या अंती परमेश्वर मेलेल्या सर्वांना देहासह उठवील, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत श्रद्धा. आत्मा अमर आहे, एवढे म्हणून ती पुरी होत नाही. देह ही परमेश्वराची निर्मिती आहे आणि तीही वाया जाणार नाही, हा तिचा गाभा. वधस्तंभावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला आणि त्याचे उठणे हे पुढे येणाऱ्या पिकाचे पहिले फळ आहे, असे ख्रिस्ती लोक मानतात. येशूने जिवंत केलेला बेथानीचा लाजर कबरेतून बाहेर आला, पण तो पुढे पुन्हा मरणारच होता. म्हणून त्याचे जिवंत होणे या अर्थाने पुनरुत्थान ठरत नाही.

पूर्वपीठिका : जुन्या करारात या श्रद्धेचा सर्वांत स्पष्ट उल्लेख दानीएलाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात सापडतो. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील सात भावांच्या कथेत ती ठामपणे येते. हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. येशूच्या काळी यहुद्यांतील परूशी पंथीय पुनरुत्थान मानत, सदूकी पंथीय नाकारीत. प्रेषित पौलाने सुमारे इ.स. ५५ मध्ये करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय हा या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा लेख होय. पेरलेला दाणा आणि त्यातून उगवणारे रोप ही उपमा त्यातलीच. उठलेला देह तोच असतो, पण तसाच नसतो, हे सांगायला शेतकऱ्याच्या अनुभवाइतके जवळचे दुसरे काही नव्हते. अथेनैच्या लोकांनी मात्र हा विषय निघताच पौलाची थट्टा केल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नमूद आहे. इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडल्या जाणाऱ्या मतांगीकारात (श्रद्धेच्या अधिकृत कथनात) मृतांच्या पुनरुत्थानाची अपेक्षा व्यक्त झाली आहे. प्रेषितांच्या मतांगीकारात त्याऐवजी ‘शरीराचे पुनरुत्थान’ असा अधिक धीट शब्दप्रयोग आहे.

मृत्यू आणि अंतिम दिवस यांमधील अवस्था, तसेच ख्रिस्ताचे सहस्रवर्षांचे राज्य, यांविषयी पंथापंथांत मतभेद आहेत.

मराठी शब्द : मूळ ग्रीक शब्द ‘आनास्तासिस’, म्हणजे उठून उभे राहणे. मराठीत रूढ झालेला ‘पुनरुत्थान’ (पुनर् + उत्थान) हा शब्द अर्थाने नेमका आहे, मात्र त्यातील ‘पुनर्’ने एक अडचण उभी केली. ‘पुनर्जन्म’ हा शब्द मराठी कानाला आधीपासून परिचित, त्यामुळे दोन्ही एकच, असा समज सहज होतो. पुनर्जन्मात देह बदलतो आणि फेरा चालू राहतो. पुनरुत्थान एकदाच घडते, आणि ज्याचा देह तोच माणूस उठतो. मराठी ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या बोलण्यात हा जड शब्द क्वचितच येतो. कोणी वारले की ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ किंवा ‘प्रभूवासी झाले’ असे म्हणतात. झोपलेला माणूस उठणार हे ‘झोपी जाणे’ या क्रियापदातच गृहीत आहे, आणि या श्रद्धेचे इतके सोपे मराठी रूप दुसरे नाही. या श्रद्धेचे मराठीतील आरंभीचे मोठे वाङ्मयीन चित्रण फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) आहे.

शरणपूर : नाशिक हे अस्थिविसर्जनाचे क्षेत्र. रामकुंडातील अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा असून देशभरातून लोक त्यासाठी येतात. त्याच गावाच्या पश्चिमेला चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली आणि तेथे मृतांना मातीत ठेवले जाऊ लागले. एका तीरावर हाडे पाण्याला द्यायची, दुसऱ्या वस्तीत ती उठण्याच्या दिवसापर्यंत जमिनीत राखायची. या श्रद्धेचा नाशिकमधील इतिहास या शेजारातच समजून घ्यावा लागतो.

शरणपूरला आफ्रिकी मुलांसाठी आश्रम व शाळा होती. अरब व्यापाऱ्यांच्या गुलामवाहू गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडवलेली मुले येथे आणली जात. त्यांना अक्षरओळख, हस्तव्यवसाय आणि ख्रिस्ती धर्माचे शिक्षण मिळे. आफ्रिकेच्या इतिहासग्रंथांत ती ‘नासिक बॉइज’ या नावाने ओळखली जातात. आफ्रिकेतील मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी १८६५ मध्ये यांतील नऊ मुले निवडली. १८७२ मध्ये आणखी काही त्यांच्याकडे पाठवण्यात आली. जेकब वेनराइट त्यांपैकी एक, याओ जमातीचा.

लिव्हिंगस्टन यांचा मृत्यू मे १८७३ मध्ये टोळीप्रमुख चितांबो यांच्या गावी (आजचा झांबिया) झाला. प्रचलित तारीख १ मे, मात्र वेनराइटने झाडाच्या बुंध्यावर ४ मे अशी तारीख कोरली होती. सोबत्यांनी देह मायदेशी न्यायचे ठरवले. हृदय व आतडी काढून एका झाडाखाली पुरली, देहात मीठ भरले आणि तो दोन आठवडे उन्हात वाळवला. हृदय पुरताना वेनराइटने इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातील दफनविधी वाचला. तेथे पाळक नव्हते, चर्च नव्हते. होता तो नाशिकला वाचायला शिकलेला, गुलामगिरीतून सुटलेला एक तरुण. त्या विधीचे नेमलेले वाचन म्हणजे पौलाचा तोच पंधरावा अध्याय. पुढे कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलेला तो देह सुमारे नऊ महिन्यांत पूर्व किनाऱ्यावरील बागामोयोला पोचला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता.

नाशिकच्या ख्रिस्ती शिक्षणाचे याहून बोलके दुसरे उदाहरण नाही. ज्या मुलाच्या देहाला बाजारात किंमत लावली गेली होती, त्यानेच मेलेल्या देहालाही मोल असते हे उघड्या रानात वाचून दाखवले. लिव्हिंगस्टन यांच्या चरित्रांत हा प्रसंग बहुधा सेवकांच्या स्वामिनिष्ठेची गोष्ट म्हणून येतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो श्रद्धेचा आचार आहे आणि त्याचे श्रेय वाचणाऱ्याला मिळायला हवे. १८७५ च्या सुमारास प्राइस यांनी मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसवले आणि शरणपूरचे आफ्रिकी पर्व संपले.

टिळक दांपत्य : ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे काही शिक्षण नाशिकला झाले. पत्नी लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा आणि निधन नाशिक येथे, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या हयातीत आरंभीच्या अध्यायांपुढे गेले नाही. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि १९३८ मध्ये पुत्र देवदत्त यांनी ते प्रसिद्ध केले. त्यामुळे ख्रिस्ताच्या उठण्याच्या प्रसंगापर्यंत टिळकांची लेखणी पोचलीच नाही. कुटुंबाने पूर्ण केलेल्या भागात तो येतो.

धर्मप्रांत : अँग्लिकन नाशिक धर्मप्रांत १९२९ मध्ये स्थापन झाला. १९७० पासून तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. कॅथलिक नाशिक धर्मप्रांताची स्थापना १९८७ ची.

दफनविधी : पेटीखालून घातलेल्या दोरांवर ती खड्ड्यात उतरवतात, तळाला टेकली की दोर हलकेच ओढून घेतात. पाळक विधी वाचतात आणि माती टाकतात. मग घरचे, नातलग आणि मंडळीतले लोक एकेक मूठ माती टाकत पुढे सरकतात. काळ्या मातीची कोरडी ढेकळे आधी झाकणावर वाजतात, थर जमला की आवाज थांबतो. मराठीत ‘मूठमाती देणे’ म्हणजे एखादी गोष्ट कायमची संपवणे. येथे तीच मूठ पेरणीची मानली जाते. ईस्टरच्या रविवारी काही मंडळ्या पहाटेच्या अंधारात उपासना करतात. कॅथलिक लोक २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरी स्वच्छ करून मेणबत्त्या लावतात.

दहनाचा प्रश्न : देह उठणार असेल तर तो जाळावा काय, हा प्रश्न दहनाची रूढी असलेल्या समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे साहजिकच उभा राहिला. टिळकांनी स्वतःच्या देहाचे दहन व्हावे अशी इच्छा व्यक्त केल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. दहनाने पुनरुत्थानाला बाध येत नाही, असे आज बहुतेक पंथ मानतात. ज्याने मातीतून माणूस घडवला, त्याला राखेचे काय अवघड, हा त्यामागचा विचार. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनास मुभा दिली, मात्र दफनालाच प्राधान्य ठेवले. व्हॅटिकनने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनेनुसार रक्षा हवेत, जमिनीवर वा पाण्यात विखुरता येत नाही. ती दफनभूमीत किंवा अन्य पवित्र जागी ठेवावी लागते. नाशिकच्या कॅथलिकांना हाच नियम लागू असल्याने त्यांच्यापैकी कोणाचे दहन झाले, तरी रक्षा गोदावरीत सोडता येत नाही.