घाट, पाऊस आणि परतीची वाट

आत्ता शनिवारची रात्र आहे, साडेदहा वाजलेत. दिवाणखान्यात सायकल उलटी करून ठेवली आहे आणि बायकोने तिच्याखाली जुनी चादर अंथरली आहे (प्रेमाने नव्हे, फरशीच्या काळजीने). चेनला तेल पाजून झालं. ब्रेकचे रबर नवे बसवले. टायरमधली हवा थोडी कमी केली, म्हणजे ओल्या रस्त्यावर पकड बरी मिळते. मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी, मागचा लाल दिवा, शिट्टी, ओआरएसची पाकिटं, शेंगदाणा चिक्की... तयारी सगळी झाली. ठरायचं राहिलंय ते एवढंच, की जायचं की नाही, आणि गेलो तर कुठपर्यंत.

आमचा चौदा जणांचा गट आहे. क्लब वगैरे काही नाही, कॉलनीतले आणि ऑफिसातले मिळून जमलेले लोक. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ साली इथेच सैन्यात डॉक्टर असलेल्या श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. तेव्हापासून नाशकात घरटी एक सायकल दिसायला लागली. आम्हीही त्यातलेच. दरवर्षी आषाढातल्या एका रविवारी आम्ही पांडवलेण्याच्या पायथ्याशी जमतो आणि विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी करत इगतपुरीला जातो. पुढे कसारा घाट उतरायचा, खाली चहा घ्यायचा आणि तोच घाट पुन्हा चढून परत यायचं.

गोची आहे ती पावसाची. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि अवघ्या ४५ किलोमीटरवरच्या इगतपुरीत तीन हजारांच्या वर! म्हणजे घरून निघताना गॉगल आणि घोटीच्या पुढे समोरचा माणूस दिसत नाही, हे एकाच सकाळी घडू शकतं. म्हणून तर हवामान खातंही आता 'नाशिक' आणि 'नाशिकचा घाटमाथा' असे वेगवेगळे इशारे देतं. उद्यासाठी शहराला पिवळा आहे, घाटमाथ्याला नारिंगी.

दुपारपासून भाच्याचे तीन फोन येऊन गेले. "मामा, जायचंच हं! पिवळा-नारिंगी काय, दरवर्षीच असतो." वय वर्षं तेवीस. त्याला काय सांगणार? म्हणून मी माझी नेहमीची पळवाट धरली, इतिहासाची.

आम्ही जमतो ती जागाच बघा ना. पांडवलेणी म्हणजे पांडवांची नव्हेत, बौद्ध भिक्षूंची, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. पण ती पावसाळ्याशी किती जोडलेली आहेत ते पटकन लक्षात येत नाही. भिक्षूंनी एरवी फिरत राहायचं, पण आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी थांबायचं, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. एक तर वाटा बिकट, दुसरं म्हणजे कोवळं गवत आणि किडामुंगी पायाखाली येऊ नये. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एकात त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण कायमचे ठेवल्याची नोंद आहे. व्याज महिना शेकडा एक. ते पैसे कशासाठी? तर आपल्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत म्हणून. हिशोब करून बघा, वर्षाचे बरोबर २४० होतात. म्हणजे पावसात घरी बसणाऱ्यांसाठी मुदत ठेव! माझ्या बायकोला ही कल्पना फारच आवडली.

पण गंमत पुढे आहे. याच उषवदाताचा त्याच लेण्यातला दुसरा लेख सांगतो, की मालयांनी पावसाळ्यात उत्तमभद्रांना वेढलं होतं, आणि त्यांना सोडवायला तो स्वामींच्या आज्ञेवरून निघाला. मालय म्हणे नुसत्या त्याच्या गर्जनेनेच पळाले. मग त्याने पुष्करला जाऊन स्नान केलं आणि तीन हजार गायी आणि एक गाव दान दिलं. (प्रवासवर्णनात थोडी अतिशयोक्ती करायची पद्धत आपल्याकडे जुनीच दिसते.) याच लेखात त्याने नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं, नदीकाठी बसायच्या आणि पाणी प्यायच्या जागा केल्याचंही आहे. दमणगंगा, तापी, डहाणूकडची नदी... वाटसरूंची एवढी काळजी घेणारा माणूस स्वतः मात्र भर पावसात बाहेर पडला. का? तर कुणीतरी अडकलं होतं.

मग मला नादच लागला. आपल्या इतिहासात पावसात कोण बाहेर पडलं आणि कोण थांबलं?

थांबणारेच जास्त. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघत आणि पावसाळ्याआधी परतत. परतणं शक्य नसेल तर जिथे असतील तिथे छावणी. घोड्यांना चारा, माणसांना आडोसा. नद्या उतरल्याशिवाय तोफा हलत नसत. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज भर पावसात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, ते काही मौज म्हणून नव्हे. वेढ्यात अडकले होते म्हणून. आणि त्या पावसातल्या वाटेची किंमत बाजीप्रभूंनी चुकवली.

आता आमच्या कसारा घाटाचं. जुन्या कागदांत तो थळ घाट म्हणून भेटतो. मुंबई-आग्रा रस्ता इथूनच वर चढतो. १८६५ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी या घाटाने इगतपुरीला पोचली. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत जेमतेम पंधरा किलोमीटर, पण चढ जवळजवळ तीनशे मीटरचा. सगळ्यात तीव्र भागात ३७ फुटांना १ फूट. सायकलवाल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, रेल्वेला तो फार मोठा आहे. घाटातलं हे काम कोरड्या ऋतूचं. पावसाळा आला की कामं थंडावायची, मजूर गावाकडे जायचे, ते पुन्हा पाऊस ओसरल्यावर यायचे. त्याच काळात भोर घाटाचंही काम चालू होतं. १८६१ च्या सुरुवातीला तिथे चाळीस हजारांहून जास्त मजूर होते आणि पटकीने त्यातले किती गेले त्याची गणतीच नाही. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. आपण मात्र खिडकीतून धबधबे बघत भजी खातो. असो.

या रेल्वेतल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली, बँकर इंजिन. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात आणि ती गाडीला वर ढकलत नेतात. इगतपुरी आली की सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली येतात. त्यांच्या नशिबी मुंबई नाही की दिल्ली नाही, फक्त घाट. दुसरी, उतारावरचे निसटते रूळ. खाली येणारी गाडी ताब्यात राहिली नाही, तर तिला बाजूच्या चढावर नेऊन थांबवण्यासाठी ते ठेवलेले असतात. शिवाय उतरताना वेगाचं बंधन आणि आधी ब्रेकची तपासणी. म्हणजे चढासाठी ताकद वाढवली की भागतं, उतारासाठी मात्र चूक गृहीत धरूनच तयारी करावी लागते, हे रेल्वेवाल्यांना पहिल्यापासून कळलं होतं.

मला ते फार उशिरा कळलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही नारिंगी इशारा होता. घाटनदेवीपाशी सगळे थांबलो होतो, समोर उंट दरी धुक्याने भरलेली. गटातला माझा सगळ्यात जुना मित्र म्हणाला, "इथूनच फिरू या रे. माझे ब्रेक ओले झाले की पकडत नाहीत." मी हसलो. सगळ्यांसमोर म्हटलं, "मग घरीच बसायचं होतंस." तो काही बोलला नाही, उतरायला लागला. तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर त्याचं चाक सरकलं. मागून येणाऱ्या ट्रकने वेळेवर ब्रेक मारले म्हणून आज हे लिहितोय. कॉलरबोन मोडलं, दोन महिने हात गळ्यात. त्याने मला कधीही एका शब्दाने दोष दिला नाही. पण त्यानंतर तो सायकलवर बसलाही नाही. आणि हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

पावसात चालायला निघणारा तिसरा एक वर्ग आहे, तो म्हणजे वारकरी. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात निघते आणि तीन आठवड्यांहून जास्त चालून आषाढीला पंढरपुरात पोचते. त्यांना ना कुणी वेढलेलं असतं, ना कुणाची आज्ञा असते. मग ते कसे जातात? मला वाटतं, उत्तर दिंडीत आहे. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले. दिंडीचा वेग म्हणजे सगळ्यात थकलेल्या म्हातारीचा वेग. कुणी पुढे पळून पहिला नंबर काढत नाही. नाशिकचे सायकलस्वार गेली दहा-बारा वर्षं जूनमध्ये पंढरपूरची सायकलवारी करतात, तीही मला याच कारणासाठी आवडते.

मग आम्ही कोण? उषवदात नव्हे, आमच्यासाठी कुणी खोळंबलेलं नाही. उलट खालून वर यायची घाई असलेल्यांची सोयही झाली आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यातला सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा गाडीला काही मिनिटांत डोंगराच्या पार काढतो. आम्ही घाटात जातो ते निव्वळ आनंदासाठी. आणि आनंदासाठी निघालेल्या माणसाला परत फिरायची पूर्ण मुभा असली पाहिजे, नाहीतर तो आनंद कसला? वर्षावासातल्या भिक्षूलाही तातडीचं काम निघालं तर सात दिवस बाहेर जायची सूट होती. नियम करणाऱ्याने वाट मोकळी ठेवली होती. मी मित्रासाठी ती ठेवली नाही.

संध्याकाळी त्याला फोन केला. सहा वर्षांनी पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोललो. "मी तेव्हा चुकलो," एवढंच म्हणता आलं. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "उद्या घाट उतरणार का?"

"नाही. घाटनदेवीपर्यंत जायचं, नारळ फोडायचा, फिरायचं. घोटीलाच पाऊस जोरात असेल तर तिथूनच. आणि कुणीही एकाने 'फिरू' म्हटलं की सगळे फिरणार, कारण विचारायचं नाही."

"मग सगळ्यात मागे कोण राहणार?"

"मीच. बँकर इंजिन."

तो हसला. म्हणाला, "सायकल माळ्यावर आहे. टायर बघतो सडलेत का ते."

येईल की नाही, माहीत नाही. गटावर सगळ्यांना नवा बेत कळवला. बाराजणांनी अंगठा दाखवला. भाच्याचं उत्तर आलं, "मामा, तू म्हातारा झालास." झालो बाबा. पण त्याच्याच सायकलला मडगार्ड नाहीत, तेव्हा सकाळी मी जादा जोडी घेऊन जाणार आहे.

बाहेर आत्ता रिमझिम सुरू झाली आहे. पाच वाजता पांडवलेण्याच्या पायथ्याशी. वर दहाव्या लेण्यात दोघांचीही नोंद आहे, थांबणाऱ्यांची आणि निघणाऱ्यांची. आम्ही उद्या थोडे थोडे दोन्ही.

ता.क. ताई, हे वाचून लगेच फोन करू नकोस. तुझ्या लेकाला घाट उतरू देणार नाही, शब्द देतो.