बोहेमियन टेबल आणि तांब्याभर पाणी

"दादा, बोहेमियनला मराठीत काय म्हणतात रे?"

मामेबहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि हा फोन रात्री साडेअकराला. रिसेप्शनच्या टेबलांसाठी तिने डेकोरेटरचं 'बोहो' पॅकेज घेतलं होतं. प्रत्येक टेबलावर एक छोटं मराठी कार्ड ठेवायचं होतं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. घरात पुस्तकं वाचणारा मी एकटाच, असा आमच्याकडे एक जुना गैरसमज आहे.

पॅकेजमध्ये काय काय आहे ते विचारलं. एकमेकींशी न जुळणाऱ्या ताटल्या, रंगीत काचेचे पेले, दोऱ्याच्या गाठींची विणलेली पट्टी, आरसेकाम केलेलं कापड, पितळी दिवे आणि वाळलेलं गवत. दर ऐकून मामा फोनमागूनच ओरडला, "न जुळणाऱ्या ताटल्यांचे दुप्पट पैसे? माझ्या मुंजीत अख्ख्या वाड्यातून ताटं गोळा केली होती, एक जुळत नव्हतं. कोणी दमडी दिली नाही!"

मामाचा मुद्दा बिनतोड होता. म्हणून म्हटलं, कार्ड नंतर लिहू, आधी हा बोहेमियन कोण ते बघू. शनिवार-रविवार त्यातच गेला.

तर बोहेमिया हा खराखुरा प्रांत आहे. आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा भाग, प्राग शहर त्यातलंच. गंमत म्हणजे टेबलाच्या दुनियेत तो प्रसिद्ध आहे तो काचेसाठी. सतराव्या शतकात तिथल्या कारागिरांनी लाकडाच्या राखेतला पोटॅश आणि खडू वापरून एक स्वच्छ, कडक काच बनवली. तिला पैलू पाडता येत, तिच्यावर कोरीवकाम करता येई. असे पेले युरोपभरच्या सरदारांच्या टेबलांवर गेले. म्हणजे अस्सल बोहेमियन टेबल काढायचं तर ते एकदम शिस्तीतलं, एकसारख्या पेल्यांचं निघेल. आमच्या डेकोरेटरच्या यादीच्या बरोब्बर उलट!

मग ही 'बोहो' भानगड आली कुठून? त्यासाठी पॅरिसला जावं लागतं.

१४२७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या वेशीपाशी शंभरेक माणसांचा एक जथा आला. सावळे, कानात बाळ्या घातलेले, बायकामुलांसकट. त्यांना शहरात घेतलं नाही, बाहेर ला शापेल नावाच्या वस्तीत उतरवलं. पॅरिसकर झुंडीने त्यांना बघायला आणि हात दाखवून भविष्य विचारायला जाऊ लागले. शेवटी बिशपने हात दाखवणाऱ्यांनाच धर्मबाह्य ठरवलं आणि सप्टेंबरात जथा पुढे निघाला.

हे रोमा लोक. त्या काळात त्यांचे जथे राजेरजवाड्यांची संरक्षणपत्रं घेऊन फिरत. १४२३ मध्ये बोहेमियाचा राजा सिगिस्मुंड याने असंच एक पत्र एका रोमा टोळीला दिलं होतं. बोहेमियाच्या वाटेने, बोहेमियाच्या राजाचं नाव घेत आलेले लोक म्हणून फ्रेंचांनी त्यांचं नाव ठेवलं 'बोएमियाँ'. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलला कोणीतरी घाईत चुकीचं नाव दिलं, आणि नंतर सहाशे वर्षं कोणी ते बदललं नाही.

पुढे चारशे वर्षांनी हे नाव दुसऱ्यांनाच चिकटलं. पॅरिसमधले भाडं थकलेले चित्रकार, लेखक, गवई स्वतःला बोहेमियन म्हणवू लागले. त्यांना घरोघर पोचवलं आँरी म्युर्जे या लेखकाने. त्याच्या गोष्टी १८४५ पासून एका वर्तमानपत्रात येत होत्या, १८४९ मध्ये त्यावर नाटक आलं आणि १८५१ मध्ये पुस्तक. त्याची चार पात्रं कॅफे मोम्यूस नावाच्या खऱ्या कॅफेत ठाण मांडून बसतात. पैसे नसतात, पण गप्पा भरपूर. (आपल्याकडे इराण्याच्या हॉटेलात एका कटिंगवर तीन तास काढणारे आठवले की झालं.)

यावरूनच पुचिनीचा 'ला बोएम' हा ऑपेरा १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरीनमध्ये रंगमंचावर आला. त्याच्या दुसऱ्या अंकात नाताळच्या आदल्या रात्री हे मित्र कॅफे मोम्यूसच्या टेबलावर दाबून जेवतात आणि बिल एका श्रीमंत म्हाताऱ्याच्या गळ्यात मारून पळतात. जगातलं सर्वांत प्रसिद्ध बोहेमियन टेबल हेच, आणि तेही उधारीचं!

न जुळणाऱ्या ताटल्यांचं मूळही अशाच तंगीत आहे. जे स्वस्तात मिळालं, जे गहाण टाकायचं राहिलं, ते टेबलावर. म्युर्जे स्वतः असाच ओढगस्तीत जगला आणि १८६१ मध्ये ३८ व्या वर्षी गेला.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी वाचून मी थबकलो. त्याच म्युर्जेने पुस्तकाच्या प्रस्तावनेत सुरुवातीलाच बजावून ठेवलंय की माझे बोहेमियन म्हणजे ते अस्वल नाचवणारे वगैरे नव्हेत. नाव तुमचं घेतो, पण तुम्ही आमचे नाही!

पुढचा प्रवास तंगीकडून हौसेकडे आहे. १९१६ मध्ये चित्रकार व्हनेसा बेल (व्हर्जिनिया वूल्फची बहीण) आणि डंकन ग्रँट इंग्लंडच्या ससेक्समधल्या चार्लस्टन नावाच्या फार्महाउसमध्ये राहायला गेले. तिथे त्यांनी भिंती, दारं, कपाटं, सगळं रंगवून काढलं. जेवणाचं गोल टेबलसुद्धा पुढे व्हनेसाने रंगवलं. १९३२ मध्ये केनेथ क्लार्क या कलासमीक्षकाने त्यांच्याकडे एक डिनर सेट मागितला, तर या दोघांनी पन्नास ताटल्यांवर इतिहासातल्या नामवंत स्त्रियांचे चेहरे रंगवून दिले. त्यांत दोन ताटल्या मात्र खुद्द व्हनेसा आणि डंकन यांच्या :) आजच्या बोहो टेबलाची खरी आजी ही.

मग १९६० च्या दशकात हिप्पी आले. भारतातून गेलेल्या ठशांच्या छपाईच्या चादरी अमेरिकेत पलंगावर, भिंतीवर आणि टेबलावरही पसरल्या गेल्या. इस्तंबूल, काबूल, दिल्ली करत काही मंडळी गोव्यात पोचली. अंजुण्याचा बुधवारचा बाजार त्यांनीच १९७० च्या दशकात सुरू केला, परत जायला पैसे हवेत म्हणून आपलं सामान विकायला. त्याच बाजारात पुढे कर्नाटकातून आलेल्या लमाणी बायका आरसेकामाचं कापड विकू लागल्या. तेच आरसेकाम आज डेकोरेटरच्या यादीत आहे.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग मी सहज पाहिलं, की ज्यांचं नाव घेतलं त्या लोकांचं खुद्द बोहेमियात काय झालं?

दक्षिण बोहेमियात लेटी नावाचं गाव आहे. नाझी ताब्याच्या काळात, ऑगस्ट १९४२ पासून, तिथल्या छावणीत रोमा कुटुंबं कोंडली गेली. पहारेकरी चेक होते. सुमारे तेराशे माणसं तिथून गेली, त्यातली तीनशेहून अधिक तिथेच मेली, बहुतेक लहान मुलं. पाचशेहून अधिक जणांना ऑशविट्झला पाठवलं. युद्ध संपलं तेव्हा बोहेमिया-मोराव्हियातले बहुतेक सगळे मूळचे रोमा संपलेले होते. आणि १९७० च्या दशकात त्या जागेवर डुकरांचा फार्म उभा राहिला. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर चेक सरकारने तो विकत घेऊन पाडला. स्मारक खुलं झालं २०२४ मध्ये.

आणि आपण तरी काय वेगळं केलं? मिठाचे, धान्याचे तांडे बैलांवर लादून देशभर पोचवणारे बंजारे. रेल्वेने आणि इंग्रजांच्या मिठाच्या मक्तेदारीने त्यांचा धंदा मोडला. १८७१ मध्ये इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, त्याच्या कचाट्यात बंजारेही आले. हा शिक्का पुसला गेला १९५२ मध्ये. महाराष्ट्रात बंजारा आजही विमुक्त जातींत मोडतात, ते त्यामुळेच. बंजारा आणि रोमा एकच, असं मी म्हणत नाही. पण दोघांच्या बाबतीत लोकांनी कापड घरात घेतलं आणि माणसाला वेशीबाहेर ठेवलं, एवढं मात्र सारखंच.

पण रोमा लोकांचं आणि आपलं भाषेचं नातं पक्कं आहे. १७८२ मध्ये योहान रुडिगर या जर्मन अभ्यासकाने शब्द आणि व्याकरण ताडून दाखवलं की त्यांची भाषा भारतीय कुळातली आहे. नाकाला 'नख', कानाला 'कान', मिठाला 'लोन', सुरीला 'छुरी', दुधाला 'थुद'. आणि पाण्याला 'पानी'.

बहिणीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, लग्नात छावणीचं कार्ड नको रे." बरोबरच होतं तिचं. "पण पाण्याचं ठेव."

रिसेप्शनला प्रत्येक टेबलावर तांब्याचा जग आणि शेजारी कार्ड: 'पाणी. रोमा लोक हजार वर्षांपूर्वी इथून निघाले. त्यांच्या भाषेत आजही याला पानीच म्हणतात.'

ताटल्या मात्र पॅकेजमधून काढून टाकल्या. मामाने, आत्याने, शेजाऱ्यांनी घरातल्या आणून दिल्या, एक जुळत नव्हती. आजीने टेबल बघून विचारलं, "रुखवत इथे का मांडलंय?" आणि एका काकांनी कार्ड नीट चष्मा लावून वाचलं, जग उचलून पाहिला आणि मला विचारलं, "मठ्ठा नाहीये का?"